'मडहनी'च्या सुट्या तबकड्या ऐकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

सिॲटलच्या 'मडहनी' या रॉक बँडच्या 'सुपरफझ बिगमफ प्लस अर्ली सिंगल्स' या १९९० सालच्या संकलनावरचा माझा लेख पूर्ण होऊन संपादकांच्या हाती गेला आहे. त्यातले जे काही कानांनी पारखून लिहिले गेले, ते आपण सिॲटलच्या घरी बसवून ऐकवलेल्या मूळ तबकड्यांमुळे, म्हणून आभारही जाहीरपणेच मानावेसे वाटले. आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट मात्र पाळली आहे.

माझ्याजवळ होती ती केवळ सीडी. तिच्यावर बारा गाणी आहेत: आधी सुट्या सिंगल्सची (म्हणजे एका बाजूला एकेकच गाणे असलेल्या छोट्या तबकड्यांची), आणि त्यांच्यामागून १९८८ च्या 'सुपरफझ बिगमफ' या छोट्या रेकॉर्डवरची सहा. गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणाऱ्या ज्या दोन पेडलांवरून त्या रेकॉर्डचे नाव पडले, त्यांचीच खरखर बाराही गाण्यांत असल्यामुळे सगळा ऐवज एका बैठकीत घडला असावा, असा भास होतो. आपण कपाटातून मडहनीच्या 'टच मी आय ॲम सिक' या गाण्याची तपकिरी रंगाची सात इंची तबकडी काढलीत, तेव्हा तो भास प्रथम ओसरला. ऑगस्ट १९८८ मध्ये सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने तिची पहिली आवृत्ती अवघ्या १००० प्रतींची काढली होती. अडीच मिनिटांच्या आसपास गाणे संपते, सुई उचलावी लागते, आणि दुसरी बाजू ऐकायची की नाही हे ऐकणाऱ्याला उठून ठरवावे लागते. सीडीवर तेच गाणे संपते न संपते तोच पुढचे अंगावर येते आणि हा निर्णय आपल्या हातून निसटतो. आपण एक बाजू ऐकवून मुद्दाम थांबत होता. त्या थांबण्याचा मला आधी थोडा कंटाळा आला होता, हेही सांगून टाकतो.

मात्र सर्वांत मोलाचे साहाय्य 'हॅलोवीन' या गाण्याच्या बाबतीत झाले. हे गाणे मूळचे न्यूयॉर्कच्या 'सॉनिक यूथ'चे. दोन्ही बँडांनी मिळून एकच तबकडी काढली, तिच्या एका बाजूवर मडहनीने सॉनिक यूथचे 'हॅलोवीन' वाजवले आणि दुसऱ्या बाजूवर सॉनिक यूथने मडहनीचे 'टच मी आय ॲम सिक'. संकलनात अर्थातच फक्त मडहनीची बाजू आली. म्हणजे दोन बँडांमधल्या या सवाल-जवाबातला सवाल तेवढा राहिला, जवाब गळला. संकलन करणाऱ्यांचा त्यात दोष नाही. दुसऱ्या बँडचे ध्वनिमुद्रण ते आपल्या नावावर कसे घालणार? पण आपण ती दुसरी बाजू लावली नसती, तर या गाण्यावर मी जे दोन परिच्छेद लिहिले ते लिहूच शकलो नसतो. टेक्ससच्या 'डिक्स' या पंक बँडचे 'हेट द पोलिस' मडहनीने का उचलले असावे, यावरचे आपले म्हणणे मला तितकेसे पटले नाही, तरी लेखात ते जसेच्या तसे, 'एका जुन्या श्रोत्याचे मत' म्हणून दिले आहे.

'गॅरेज' (हौशी बँडांचे ओबडधोबड रॉक) हा शब्द मडहनीला का लावावा, याचे उत्तरही आपल्याकडूनच मिळाले. मी 'स्टूजेस' या जुन्या अमेरिकी रॉक बँडपाशी थांबलो होतो. आपण शेजारच्या टकोमा शहरातल्या साठच्या दशकातल्या 'सॉनिक्स' या बँडपर्यंत मला मागे नेलेत आणि त्यांची किंचाळी व मडहनीचे गायक मार्क आर्म यांची किंचाळी पाठोपाठ ऐकवलीत. ध्वनिमुद्रक जॅक एन्डिनो यांनी सिॲटलच्या रेसिप्रोकल स्टुडिओत आठ ट्रॅकवर (आठच स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर) केलेले ध्वनिमुद्रण मुद्दाम ओबडधोबड ठेवले होते की साधनेच तेवढी होती, या माझ्या प्रश्नावर आपण जे हसलात, ते मी उत्तर म्हणून धरले आहे. विद्यार्थी असताना वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केसीएमयू रेडिओ केंद्रावर आपण हे सारे ऐकत होता, आणि सब पॉपचे जोनाथन पोनमन तिथेच कार्यक्रम करत, या आपल्या आठवणीमुळे ही मंडळी एकमेकांच्या किती जवळ वावरत होती ते ध्यानात आले. पुण्यात बसून पुस्तके वाचताना ही माणसे मला फक्त नावे वाटत होती.

अंक निघाला की दोन प्रती पाठवतो. एक आपल्यासाठी, एक ज्या मित्राकडून आपण ती तपकिरी तबकडी मिळवली होती त्यांच्यासाठी, त्यांना मराठी येत नसले तरी. आणखी एक विनंती आहे: सॉनिक यूथची ती बाजू आपण सवडीने संगणकावर उतरवून पाठवलीत, तर लेखाच्या निमित्ताने इथे जे श्रवणसत्र ठरत आहे, त्यात ती 'हॅलोवीन'च्या पाठोपाठ लावता येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
पुण्याचा सीडीवाला