पिंकेला, लोकलमधून

पिंके,

तुझे चार मिस्ड कॉल बघितले गं, पण दिवसभर वॉर्ड आणि रात्री केस प्रेझेंटेशन, बोलायला त्राणच उरत नाही, म्हणून लोकलमध्ये लिहितेय, आज चक्क विंडो मिळालीये.

आधी काकूंना सांग, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही आणि मी फिजिओपण नाही. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवणं! १९५० मध्ये आपल्याच मुंबईत केईएमला कमला निंबकरांनी याचं स्कूल सुरू केलं, तरी अजून प्रत्येक लग्नात मला हेच समजावत बसावं लागतं. डिग्रीला किमान हजार तास फील्डवर्क लागतं, तेही कुणाच्या तरी नजरेखाली, आणि ती नजर काय असते ते मला आत्ता कळतंय.

माझी पेशंट एक आजी, हार विकायच्या, डावी बाजू गेलीय स्ट्रोकमध्ये. ब्लाउज घालायचा सराव चालू होता. आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, हे मी छान शिकवलं. पण हुकांशी आजींची झटापट बघवेना, म्हणून मीच पटापट लावून टाकले. मॅडम मागेच उभ्या. बार्थेल इंडेक्सचा फॉर्म, म्हणजे पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो त्याचे मार्क, पुढे करून म्हणाल्या, "कपड्यांचे दहा मार्क लिही. आजींचे की तुझे?" मेले गं मी.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून उभी राहिले. तीन हुकांना सतरा मिनिटं! मध्ये आजींनी मला दोन शिव्या घातल्या, त्या नोट्समध्ये लिहिल्या नाहीत. मी वेलक्रो सुचवला तर म्हणाल्या, "काढताना चर्रकन आवाज येतो, बाई माणसाला शोभतं का?" आमच्या पुस्तकात हे कुठेच नाहीये.

परवा पेगबोर्ड, तो भोकांत खुंट्या खोचायचा सरावाचा बोर्ड, ठेवून दिला आणि झेंडू नेला. मोगरा एवढ्यात जमणार नाही, झेंडू मोठा, धरायला सोपा. डाव्या मुठीत फूल नुसतं दाबून धरायचं, उजव्या हाताने सुई. पाच फुलं ओवली, दोन चुरगळली. त्याचे माझ्याकडून वीस रुपये मागितले, बोहनी म्हणून, आणि मी दिलेपण.

बरं, काकूंच्या शिलाईच्या डब्यात ते मोठे जुने हुक असतील ना? रविवारी येताना सहा-सात आण. आजींना जुन्या ब्लाउजला लावून देते, पण टाके तूच घाल बाई, माझे उसवतात.

तुझी,
मनी