अंगणातली रेल्वे: आधी रूळ बघा

महोदय,

अंगणात छोटी रेल्वे मांडणारे इंजिनावर खर्च करतात आणि रुळावर हात आखडतात. ४५ मिमी गेजसाठी, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असेल तर, पितळी रूळ घ्यावा. इंजिनाला वीज रुळातून मिळते, आणि पितळ काळवंडलं तरी घासलं की ती नीट वाहते. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइड वीज अडवतो, ते बॅटरीच्या इंजिनालाच बरं. तापमान ५० अंशांनी चढलं की दीड मीटर पितळ जवळपास दीड मिमी लांबतं. म्हणून थंडीच्या सकाळी प्रत्येक सांध्यात तेवढी फट ठेवा, नाहीतर नागपूरच्या मे महिन्यात रूळ सापासारखा वाकतो. सांध्यावरून लवचिक तांब्याची तार डाग देऊन जोडा. रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, सिमेंटात गाडू नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती खणून मुरूम ठोका, वर बारीक गिट्टी. गोल खडे नकोत, सरकतात.

– एक वाचक, नागपूर