कारंज्याच्या ऑपरेटर काकाजींचे जाहीर आभार

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

'स्टार ट्रेक' या अवकाशप्रवासाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या पहिल्या मालिकेचे ब्लू-रे डिस्कचे तिन्ही संच आमचे पाहून झाले. दिवाळीनंतर आले ते आमच्याच घरी आहेत आणि "झालं का रे पाहून?" असं तुम्ही एकदाही विचारलं नाही. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय तुरीवर नेता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळतो. पण कारंजा, दारव्हा, मूर्तिजापूर या पट्ट्यात ज्यांनी जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसून सिनेमे पाहिलेत, त्यांना 'ऑपरेटर काकाजी' एवढं पुरेसं आहे.

ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर. गावात ग्रामपंचायतीचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. जहाजाचा कप्तान कर्क, त्याचा सदरा करडा, त्याचा टोकदार कानांचा साथीदार स्पॉक, त्याचा सदरा करडा, आकाशही करडंच. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, तरी स्पॉकची भुवई वर गेली की सगळे बरोबर त्याच वेळी हसायचे. पुढे कॉम्प्युटरवर एक-दोन भाग पाहिले, पण ते इतके धुरकट होते की जुनी मालिका आहे, अशीच असणार, असं वाटून गेलं. अशीच असणार, हे तुम्ही कधीच मान्य केलं नाही.

तुमच्या घरी दिवाळीत जमणाऱ्या मंडळींत माझ्यासारखा शेतकरी मी एकटाच. यवतमाळचे, अकोल्याचे, अमरावतीचे सगळे नोकरीवाले, त्यांच्याकडे मोठे टीव्ही. माझ्याकडे पुतण्यानं दिलेला जुना ब्लू-रे प्लेअर होता आणि तोही व्होल्टेज वरखाली होऊन बंद पडलेला. हे मी सहज बोलून गेलो होतो. चार लोकांत तुम्ही काही म्हणाला नाहीत. रात्री मला बाजूला घेऊन म्हणालात, "आधी मशीन पाठव, मंग डिस्क पाठवतो. डिस्क येऊन पडली अन् मशीनच बंद असली तर जीव कासावीस होते." कारंज्याहून अप-डाऊन करणाऱ्या आमच्या शाळेच्या मास्तरांच्या हाती प्लेअर तुमच्याकडे गेला आणि त्यांच्याच हाती परत आला. आतल्या पॉवर सप्लायचे कंडेन्सर नवे, फ्यूज नवा आणि सोबत स्टॅबिलायझर. पैसे विचारले तर तुम्ही फोन ठेवून दिला. मास्तरांचेही इथेच आभार मानतो, एवढं वजन त्यांनी एसटीत मांडीवर ठेवून आणलं.

मग पहिला संच आला, आणि त्यासोबत तुमच्या अक्षरातला कागद: कोणता भाग आधी पाहायचा, कोणता नंतर, आणि खाली ठळक, 'रिमोटवरचं अँगलचं बटण दाबून पाहा.'

त्या बटणानं काय होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर चालली, एकूण ७९ भाग. चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं २००६ पासून तिची प्रत नव्यानं तयार केली गेली. निगेटिव्हवरून चित्र पुन्हा स्कॅन केलं, आणि अवकाशातली जहाजं, ग्रह, स्फोट यांची जुनी दृश्यं काढून कॉम्प्युटरवर केलेली नवी घातली. २००७ मध्ये पहिला सीझन एचडी डीव्हीडीवर, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या डिस्कवर, आला तेव्हा तुमच्या अमेरिकेतल्या भाच्याला तो घ्यायचा होता आणि तुम्ही त्याला थांबवलंत. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तोशिबानं एचडी डीव्हीडीच बंद केली. २००९ मध्ये तिन्ही सीझन ब्लू-रेवर आले आणि त्यांत एक फार मोठ्या मनाची गोष्ट केलेली होती: नवी दृश्यं आणि जुनी दृश्यं, दोन्ही एकाच डिस्कवर. बटण दाबलं की चालू भागात हे सोडून ते पाहता येतं.

आपल्या बैठकीतला सगळ्यात जुना वाद याच बटणावरचा. अमरावतीचे मित्र नव्याच्या बाजूचे. 'द डूम्सडे मशीन' या भागात ग्रह गिळत येणारं ते अजस्र यंत्र नव्या प्रतीत खरोखर भयंकर दिसतं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. अकोल्याचे मित्र म्हणतात, त्या भागातलं मोडलेलं जहाज एएमटी कंपनीच्या प्लास्टिकच्या किटपासून केलं होतं, ती कारागिरी झाकायची कशाला? मी दोन्ही बाजू घरी बसून, पुन्हा पुन्हा बटण दाबून तपासल्या. माझं मत असं झालं आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्यानं जुनंच पाहावं. नवी जहाजं काही ठिकाणी फार गुळगुळीत वाटतात, भोवतालच्या १९६७ च्या चित्रात मिसळत नाहीत. पण नवं काढून टाका, असंही मी म्हणणार नाही. दोन्ही ठेवली म्हणून तर आपल्याला भांडता येतं.

तुमच्याकडून जे मिळालं त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या रात्रीचं फोनवरचं बोलणं. मी विचारलं होतं, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची टीव्हीची मालिका, मग माणसाच्या कपाळावरचा घाम, कापडाची वीण, स्पॉकच्या नकली कानाचा जोड, इतकं कसं दिसतं? तुम्ही सांगितलंत की ती टीव्हीसाठी असली तरी चित्रीकरण ३५ एमएमच्या फिल्मवर झालं, जी फिल्म तुम्ही आयुष्यभर हातानं मशीनवर चढवली तीच. घराघरांतल्या तेव्हाच्या टीव्हीला साधारण ४८० ओळींचं चित्र दिसायचं, निगेटिव्हमध्ये मात्र त्याच्या कितीतरी पट तपशील पडून होता. "निगेटिव्ह सांभाळलं ना बापा त्यायनं, म्हनून हे दिसते तुले."

आणि मग जहाजाचं दृश्य आलं की चित्र एकदम खरबरीत का होतं, तेही तुम्हीच उलगडून दिलंत. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. जहाज वेगळं चित्रित करायचं, तारे वेगळे, ग्रह वेगळा आणि ते सगळं ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक घेऊन नव्या फिल्मवर उतरवायचं. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर जसं भुरकट होत जातं तसं दर खेपेला चित्र थोडं उतरतं, फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, वाढतो, कचरा चिकटतो. हे कळल्यापासून तो दाणा मला खुपत नाही. उलट तो दिसला की वाटतं, इथे चार माणसांनी रात्र जागून काम केलेलं आहे.

रंगांचं तर काय सांगू! एनबीसीची मालक आरसीए ही कंपनी रंगीत टीव्ही विकायची, म्हणून पडद्यावर भडक रंग हवेच होते, हे तुम्ही सांगितलंत. कर्कचा सदरा मूळचा हिरवट होता पण त्या दिव्यांखाली आणि त्या फिल्मवर सोनेरी उतरला. समारंभाचा पोशाख वेगळ्या कापडाचा, म्हणून तो हिरवाच दिसतो. आणि स्पॉकचा चेहरा आधी लालसर ठेवायचा विचार होता, पण ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर तो काळा दिसेल म्हणून पिवळसर केला. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या टीव्हीसारख्या टीव्हीपुढे बसलेल्या माणसाचा विचार त्या लोकांनी तेव्हाच करून ठेवला होता.

आता समाजमंदिरातल्या त्या रविवारबद्दल. तुम्ही स्वतः प्रोजेक्टर घेऊन आलात, गुडघ्यांचा त्रास असताना आलात, हे गाव विसरणार नाही. भागही असा निवडलात की माझ्या मनात कधी आला नसता: 'द ट्रबल विथ ट्रिबल्स', १९६७ चा. केसाळ, गोंडस ट्रिबल्स भराभर वाढतात आणि अंतराळ स्थानकावरचं बियाण्याचं धान्य फस्त करतात. कापूस-तुरीच्या गावाला याहून जवळची गोष्ट कोणती असणार? गव्हाचा आणि राय धान्याचा संकर असं तुम्ही भाषांतर करून सांगितल्याबरोबर मागून आमच्या तात्यांनी विचारलं, "वान कोन्तं म्हनते हे? पानी किती लागते?" तुम्ही भाग थांबवून त्यांना उत्तर दिलंत. गोदामाचं झाकण उघडतं आणि कर्कच्या डोक्यावर ट्रिबल्सचा ढीग कोसळतो, तेव्हा पोट्टे बाकांवर उभे राहिले. शेवटी ते धान्यच विषारी निघालं, तेव्हा मात्र मोठी माणसं गंभीर झाली. खोट्या बियाण्यांचा अनुभव इथे घरोघरी आहे.

मध्येच कुणीतरी विचारलं होतं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे का, पडदा पूर्ण भरत का नाही. तुम्ही लगेच चित्र ताणून दाखवलंत, सगळ्यांचे चेहरे रुंद झाले, मग वरून-खालून कापून दाखवलंत, डोकी गेली. मग पुन्हा होतं तसं केलंत आणि पुढे निघालात. कितीतरी लोक यावर तासभर बोलतील. तुम्ही फक्त करून दाखवलंत.

आणि ते पोतं! माणसं चमचमत नाहीशी होतात ते कसं केलं, हे एका मुलीनं विचारलं. ॲल्युमिनियमची पावडर प्रकाशाच्या झोतात सोडून तिचं चित्रीकरण केलं होतं, असं नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. खिडक्या लावायला सांगितल्या, कापसाचं एक रिकामं पोतं मागवलं आणि प्रोजेक्टरच्या झोतात झटकलं. सगळी धूळ चमकायला लागली. त्यानंतर आमच्या शाळेतली निम्मी मुलं घरोघरी टॉर्चपुढे पोती झटकत होती, आया वैतागल्या होत्या. ती मुलगी मला अजून विचारते, मालिकेतलं एंटरप्राइझ जहाज आता कुठे आहे? तिला सांगितलं आहे की चित्रीकरणातली ११ फुटांची प्रतिकृती वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे आणि दुरुस्त करून २०१६ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर मांडली आहे. तिनं ते वहीत लिहून ठेवलं.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण ती तुमच्याइतकी नीट मला कुणी सांगितली नव्हती. पुढची मालिका, 'द नेक्स्ट जनरेशन', १९८७ ते १९९४. तीही ३५ एमएमवरच चित्रित झाली, पण तिचं संकलन आणि ट्रिक दृश्यांची जुळणी झाली व्हिडिओटेपवर. म्हणजे पूर्ण झालेला भाग फिल्मवर कुठेच नाही, आहे तो धुरकट टेपवर. ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्हची २५,००० हून जास्त रिळं काढून, तुकडा तुकडा शोधून, सातही सीझन नव्यानं जोडावे लागले. २०१२ ते २०१४ या काळात हे संच एकेक करून बाजारात आले. त्याची विक्री अपेक्षेएवढी झाली नाही, तोवर लोक नेटवर पाहायला लागले होते, आणि म्हणून 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या त्यानंतरच्या स्टार ट्रेक मालिकांचं तसं काम झालंच नाही. हे सांगताना तुमचा आवाज उतरला होता. रिळं जोडण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्यालाच त्या २५,००० रिळांचं वजन कळणार. यवतमाळच्या मित्रांना माझी विनंती आहे, त्यांच्याकडे 'द नेक्स्ट जनरेशन'चे संच आहेत, त्यांनी या दिवाळीला ते कारंज्याला आणावेत. काकाजींनी ते अजून मोठ्या पडद्यावर पाहिलेले नाहीत.

तुमचे तिन्ही संच पुढच्या सोमवारी मास्तरांच्या हाती पाठवतो आहे. प्रत्येक डिस्क पुसून, तपासून ठेवली आहे, तुमचा कागदही आतच आहे. त्याची एक प्रत मी काढून घेतली. सोबत दोन पायली तूर आहे, घरची, ती परत पाठवू नका. स्टॅबिलायझर मात्र ठेवून घेतो, तो नसेल तर प्लेअर पुन्हा तुमच्या टेबलावर येईल.

माझी मुलगी यवतमाळहून सुट्टीत आली की तिला पहिल्या सीझनमधला 'बॅलन्स ऑफ टेरर' तुमच्यासोबत पाहायचा आहे, जुन्या दृश्यांचा. नव्या दृश्यांचा तिनं एकटीनं पाहिला आणि तिला तोच आवडला. तुम्ही दोघं काय ते ठरवा. त्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला या, काकूंनाही आणा, पिठलं-भाकर आणि ठेचा तयार असेल.

आपला,
दारव्हा तालुक्यातला तुमचा प्रेक्षक