गळ अडकला की माणूस पाण्यात उतरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की रविवारी हिडकल धरणाच्या फुगवट्यावर, सौंदत्तीकडे नवीलतीर्थ धरणाच्या काठाने, निपाणी-चिकोडी भागात वेदगंगा-दूधगंगेच्या डोहांवर रॉड-रील घेतलेली तरुण मंडळी दिसतात. छंद चांगला आहे. पण त्यांच्या पेटीतले बरेचसे सामान अमेरिकेतल्या बास माशासाठी बनवलेले असते, व्हिडिओ पाहून मागवलेले. लाइफ जॅकेट मात्र कुणाकडेच नसते. या दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या आहेत, म्हणून हे पत्र.

काठावर बसलेला माणूस हौसेने पाण्यात शिरत नाही. तो शिरतो अडकलेला गळ सोडवायला. महागाचे खोटे आमिष पंधरा-वीस फुटांवर बाभळीच्या खुंटाला अडकते, दोर तुटवत नाही, पाणी गुडघाभर दिसते; मग पँट दुमडली जाते. म्हणजे कोणता गळ निवडला, इथेच पुष्कळसे ठरून जाते.

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा, आपल्या जलाशयांत तो नाही. तिकडचे हौशी मासेमार पुष्कळदा बोटीतून मासेमारी करतात. आमिष अडकले तर बोट खुंटाच्या पलीकडे नेऊन उलट बाजूने ओढतात आणि ते सुटते. म्हणून दोन-दोन तीनमुखी गळ लटकवलेली, खोल बुडी मारणारी आमिषे त्यांना परवडतात. आपण काठावर उभे असतो, ओढायला एकच बाजू असते. त्यात आपल्या जलाशयांचा तळ म्हणजे बुडालेली शेते. हिडकलचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर येते, ते बघायला लोक लांबून जातात. जिथे देऊळ बुडाले आहे तिथे बांध, भिंती आणि झाडांचे खुंटही बुडालेले असणार. अशा तळावर तीनमुखी गळ ओढणे म्हणजे कुंपणावरून लुगडे ओढणे.

दबा धरून झडप घालणारा आपला मासा म्हणजे मरळ. त्याच्यासाठी पोकळ रबरी बेडूक घ्यावा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, मरळ चावली की रबर दबते आणि टोके उघडी पडतात. जलपर्णीवरून, लव्हाळ्यातून तो सहज सरकतो. बेडकात पाणी भरले की तो बुडू लागतो आणि अडकतो, तेव्हा दर सात-आठ फेकींनंतर दाबून पाणी काढावे. पाण्याखाली खेळायचे असेल तर ४/० मापाचा वाकड्या मानेचा एकेरी गळ आणि मऊ रबरी मासोळी घ्यावी, टोक मासोळीच्या अंगात लपवावे. शिसे ५ ते ७ ग्रॅमच्या वर नको. जड शिसे दगडांच्या फटीत बसते आणि तिथून निघत नाही. मरळीने बेडकावर झेप घेतली की लगेच हिसका देऊ नये. दोर ताणला जाईपर्यंत, एक-दोन मोजून मग. खळबळाट ऐकताच हिसका देण्याची घाई झाली की बेडूक सुटून थेट तोंडावर येतो. डोळ्यांवर साधा चष्मा तरी हवाच.

रॉड ७ फुटी, मीडियम हेवी. रील ३००० किंवा ४००० मापाचे. मुख्य दोर वेणीचा (बारीक धागे विणून केलेला), ४० पौंडी. त्याच्या पुढे हातभर, साधारण ५० सेंटिमीटर, ३० पौंडी तंगूस जोडावा. अनेकजण वेणीचा दोर थेट गळाला बांधतात, मासा सुटू नये म्हणून. माझ्या मते काठावरच्या माणसाने तसे करू नये. पुढचा तुकडा मुद्दाम कमजोर ठेवला की जोर लावल्यावर तो तिथेच तुटतो, फक्त आमिष जाते. दोर थेट बांधला तर तो कुठेही तुटतो, तीस-चाळीस मीटर दोर पाण्यात राहतो आणि पाणकावळ्यांच्या पायांत गुरफटतो. वेणीच्या दोराला, तंगूस जोडायच्या कडीशी, पालोमर गाठ (दोर दुहेरी करून घालायची) घालावी आणि आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी. नायलॉनसाठी सर्रास घातली जाणारी क्लिंच गाठ वेणीच्या गुळगुळीत दोरावर घसरते. रीलचा ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोर सुटू देणारा ब्रेक, वजनकाट्याने लावावा: ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा चौथा हिस्सा, साधारण साडेतीन किलोला दोर सुटू लागला पाहिजे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासे थोडे जास्त सुटतात हे खरे, पण बोटात रुतलेला गळ जागच्या जागी निघतो.

आता अडकल्यावर काय करायचे. पहिल्यांदा ओढू नये, ओढले की टोक आणखी रुतते. दोर ढिला सोडावा, काठाने वीसेक पावले बाजूला जावे आणि दुसऱ्या कोनातून हलके झटके द्यावेत. नाही निघाला तर दोर ताणून, रीलजवळ दोन बोटांत धनुष्याच्या दोरीसारखा ओढून एकदम सोडावा. त्या कंपाने बरेचदा गळ मागे उडतो. उंच काठावरून किंवा कट्ट्यावरून गॅरेजमधला जुना स्पार्क प्लग कामाला येतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या वाकड्या पत्र्याच्या फटीतून दोर घालून पत्रा दाबून बंद करायचा आणि प्लग दोरावरून खाली सोडायचा. तो आमिषाच्या तोंडावर जाऊन आपटतो आणि गळ मागे ढकलला जातो. काठ सखल असेल तर प्लग अर्ध्या वाटेतच थांबतो, तिथे हा उपाय चालत नाही. शेवटी तोडायचाच असेल तर दोर कधीही हाताला गुंडाळू नये, वेणीचा दोर हाडापर्यंत कापतो. लाकडाच्या तुकड्याला चार-पाच वेढे द्यावेत, पाण्याकडे पाठ करावी आणि चालू लागावे. आमिष गेले तर गेले.

पहाटेचा हट्टही सोडावा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा १२-१४ अंशांपर्यंत उतरते. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेणारा मासा आहे, गारठ्यात तो सुस्त पडून राहतो. ऊन चढून उथळ पाणी तापले की, दहा-अकरापासून तीन-चारपर्यंत, तो काठाशी येतो. हिवाळ्यात मरळीसाठी पाच वाजता उठून काही मिळत नाही.

पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असते, हात घातला तर कोमट लागते. फसगत तिथेच होते. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढते. १५ अंशांखालच्या पाण्यात पडताच श्वास जोरात आत ओढला जातो आणि धाप लागते. २५ अंशांखालीही श्वासावरचा ताबा थोडा ढळतोच. तो पहिला श्वास डोके पाण्याखाली असताना घेतला गेला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून अचानक पडल्यास पहिले मिनिट पोहायचे नाही. पाठीवर व्हायचे, कान पाण्यात, तोंड आभाळाकडे, हातपाय हलके हलवायचे, श्वास जागेवर आला की मग काठ गाठायचा. भरलेले बूट खाली ओढतात हा समज चुकीचा आहे, पाण्यात पाण्याचे वजन नसते. अडचण काठ चढताना होते.

हे सगळे जॅकेट अंगात असेल तर सोपे होते. छातीच्या मापाचे घ्यावे, सगळे पट्टे आवळावेत आणि सोबत्याला खांद्यांजवळ धरून वर उचलायला सांगावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे. सॅकमधले जॅकेट कामाचे नाही.

जानेवारीनंतर पाणी मागे हटते आणि गाळ उघडा पडतो. वर भेगाळलेली खपली, खाली लोण्यासारखा चिखल. काठीने टोचल्याशिवाय पाऊल टाकू नये. रुतल्यास मागे रेलून वजन पसरवावे, एकेक पाय हळूहळू हलवत काढावा. घटप्रभेच्या कालव्यांच्या सिमेंटच्या उतारावर तर बसूच नये, तिथल्या शेवाळावरून घसरलेल्याला धरायला काहीच नसते. चिकोडी-अथणीकडे कृष्णेत मगरी आहेत. थंडीत त्या दुपारी उन्हाला काठावर येतात. पाण्यापासून चार-पाच मीटर मागे राहावे आणि काठावर मासे साफ करू नयेत.

कुणी बुडताना दिसले तर उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलाही जातो, अशा बातम्या आपणच छापता. रिकामा, झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा कॅन आणि त्याला १५ मीटर दोरी एवढे सामान प्रत्येकाच्या गाडीत मावते. तो फेकावा, ११२ ला फोन करावा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबणे या जुन्या समजुती घातक आहेत, त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाते. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर असेल तर ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळावे, गोड चहा द्यावा. दारू अजिबात देऊ नये, तिने कातडीकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि उरलेली ऊब जाते.

पावसाळ्याबद्दलही एक विनंती. मरळीची लालसर पिल्ले पृष्ठभागावर गोळ्याने फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. त्या गोळ्यावर बेडूक टाकला की ते हमखास झेपावतात, भुकेने नव्हे, पिल्लांपायी. ते गेले की इतर मासे पिल्ले फस्त करतात. अशा गोळ्यावर कृपा करून कुणी गळ टाकू नये. तसेच जिथे मासेमारीचा ठेका स्थानिक सोसायटीकडे आहे, तिथे तिची परवानगी घ्यावी.

जलाशयांची देखरेख करणाऱ्या खात्यांनी लोक बसतात त्या काठांवर कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत खोलीचे फलक लावावेत आणि फलकाच्या खांबालाच कॅन-दोरी टांगून ठेवावी. ती चोरीला जाईल हे खरे आहे. गेली की पुन्हा टांगावी.

आपला,
गळाने मासे धरणारा एक वाचक, बेळगाव