युद्धकैद्यांच्या छळाची फिर्याद सरकारनेच द्यायची आहे

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मे १९९९ मध्ये ४ जाट पलटणीचे कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान कारगिलच्या काकसर भागात गस्तीवर गेले आणि पाकिस्तानी सैन्याच्या हाती सापडले. ९ जूनला सहा मृतदेह परत आले. शवविच्छेदनात काय आढळलं ते आपल्या खात्याच्या दप्तरी आहे. त्याची वर्णनं मी इथे पुन्हा करणार नाही, भाषणांमधून ती पुरेशी वापरून झाली आहेत. कालियांचं नाव सर्वांना ठाऊक असतं. अर्जुनराम, भंवरलाल बगारिया, भिकाराम, मूलाराम आणि नरेशसिंग ही नावं मात्र क्वचितच कुणी घेतं, म्हणून ती इथे मुद्दाम लिहितो आहे.

या सहा जणांच्या छळाबद्दल आणि हत्येबद्दल आजपर्यंत एकाही न्यायालयात एकही आरोपी उभा राहिलेला नाही. ते कुठल्या तुकडीच्या ताब्यात होते, तिचा प्रमुख कोण होता, कैदी पकडल्याचं त्याने वर कुणाला कळवलं, वरून काय हुकूम आला, हे प्रश्न शपथेवर कुणालाही विचारले गेले नाहीत. पाकिस्तानने छळाचा आरोप नाकारला. २०१२ मध्ये त्या देशाचे तेव्हाचे गृहमंत्री रेहमान मलिक दिल्लीत आले आणि हे मृत्यू हवामानामुळेही झाले असतील, असं सुचवून गेले. त्याच वर्षी कालियांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मुलाला न्याय मिळावा म्हणून बापाला स्वतःच्याच सरकारविरुद्ध याचिका करावी लागली, हे मला फार लागलं.

या सगळ्या काळात चर्चा एकाच रस्त्याची होत राहिली, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची. तो रस्ता का बंद आहे हे आपण जाणताच. राष्ट्रकुलातल्या देशांशी, म्हणजे पाकिस्तानशीही, असलेले वाद या न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहतील, असं भारतानेच १९७४ च्या घोषणेत लिहून दिलं आणि २०१९ च्या नव्या घोषणेतही ते कायम ठेवलं. ऑगस्ट १९९९ मध्ये आपल्या हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं आणि पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा आपण हीच घोषणा पुढे केली. २१ जून २००० रोजी न्यायालयाने आपलं म्हणणं मान्य करून तो दावा ऐकायला नकार दिला. जून २०१५ मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी कालियांच्या प्रकरणात अपवाद करता येईल का, हे सर्वोच्च न्यायालयाला विचारू, असं सांगितलं होतं. त्यातून पुढे काही निघालं नाही. ज्या ढालीने आपण वाचलो तीच आता आपल्या आड येते आहे. ती बाजूला ठेवायची की नाही, हा मोठा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात.

पण हेगला न जाताही एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिच्यासाठीच हे पत्र.

युद्धातले जखमी, कैदी आणि नागरिक यांना संरक्षण देणारे आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करार अमलात आणण्यासाठी आपल्या संसदेने १९६० मध्ये जिनिव्हा करार कायदा केला. त्याचं तिसरं कलम सांगतं की, भारतात किंवा भारताबाहेर कुणीही या करारांचा गंभीर भंग केला तर तो गुन्हा आहे. आरोपीचं नागरिकत्व कोणतं, याला महत्त्व नाही. युद्धकैद्यासारख्या संरक्षित व्यक्तीला जाणूनबुजून ठार मारलं तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर भंगांना चौदा वर्षांपर्यंत कैद. युद्धकैद्याचा छळ हा गंभीर भंग आहे, हे तिसऱ्या जिनिव्हा करारात स्पष्ट लिहिलं आहे. तोच करार प्रत्येक सदस्य देशावर असं बंधन घालतो की, असे गुन्हे करणाऱ्यांना आणि करायला लावणाऱ्यांना त्याने शोधून काढावं आणि आपल्या न्यायालयापुढे उभं करावं. म्हणजे कायदा आहे, शिक्षा आहे, कर्तव्यसुद्धा आहे.

अडतं ते सतराव्या कलमावर. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेऊ शकतं, जेव्हा सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी तक्रार करतो. शहीद जवानाची पत्नी नाही, आई-वडील नाहीत, एखादी माजी सैनिकांची संघटनाही नाही. गोव्यातल्या मोंतेरो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९७० च्या सुमारासच स्पष्ट केलं होतं की, या कायद्याने कुणालाही सरकारविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळत नाही. दाराची किल्ली एकट्या सरकारकडे आहे. महोदय, कालिया आणि त्या पाच जवानांसाठी सरकारने ती वापरायला हवी.

आरोपी सीमेपलीकडे आहेत, मग तक्रारीचा उपयोग काय, असं अधिकारी म्हणतील. ही अडचण खरीच आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण गस्त पकडली गेली ती नियंत्रण रेषेच्या आपल्या बाजूला. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ मध्ये फरार घोषित झालेल्या आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोय आहे. १९९९ च्या घटनेला ती कितपत लागू होते यावर वकील भांडतील. भांडू देत. ते भांडण न्यायाधीशांसमोर व्हावं, मंत्रालयाच्या टिपणीत नको. तक्रार दाखल झाली की पुरावा नोंदवला जाईल, शवविच्छेदन करणारे डॉक्टर साक्ष देतील, त्या भागात समोर कोणती पलटण होती हे कागदावर येईल. साक्षीदार म्हातारे होत चालले आहेत. शिक्षा आज होणार नसेल तरी साक्ष आजच नोंदवून घ्यावी लागेल.

आपण एकदा अशी संधी हातची घालवली आहे, म्हणून माझी घाई आहे. १९७१ नंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात होते. त्यांच्यापैकी १९५ जणांवर बांगलादेश खटले चालवणार होता. ते गुन्हे कैद्यांवरचे नव्हते, बंगाली नागरिकांवरचे होते, पण प्रश्न सैन्याच्या उत्तरदायित्वाचाच होता. ९ एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारात ते खटले सोडून दिले गेले आणि १९५ जण घरी गेले. शांततेसाठी ते आवश्यक होतं, असं तेव्हाच्या मुत्सद्द्यांचं म्हणणं होतं. त्याच युद्धातले आपले ५४ सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असावेत, असं सरकार संसदेत सांगत आलं आहे. २००७ मध्ये त्यांचे १४ नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, पण कुणीच सापडलं नाही. त्या कुटुंबांना त्या शांततेतून काय मिळालं, याचं उत्तर मला सापडत नाही.

आता पत्रातला अवघड भाग. हा कायदा आपल्याही सैन्याला लागू आहे, आणि तसाच असला पाहिजे. आपल्या ताब्यातल्या शत्रुसैनिकाला कुणी मारहाण केली तर त्याची दखल घेणंही सतराव्या कलमामुळे सरकारच्याच मर्जीवर आहे, आणि सरकार स्वतःच्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करेल यावर कुणाचा विश्वास बसेल? तिसरा करार युद्धकैद्यांवर सूड उगवायला सरळ मनाई करतो. समोरच्याने काय केलं, याने त्यात फरक पडत नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झालं आणि पुढे राज्यसभेत अडकून बारगळलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये जखमी विंग कमांडर अभिनंदन यांची चित्रफीत पाकिस्तानने जगाला दाखवली, तेव्हा आपण जिनिव्हा कराराचं नाव घेऊन निषेध केला. तो योग्यच होता. असा निषेध जगाने मनावर घ्यायचा असेल, तर आपल्या घरचा कायदा धड हवा.

आणि जबाबदारी वरपर्यंत जायला हवी. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगाचं उदाहरण आपल्यासमोर आहे. एप्रिल २००४ मध्ये छायाचित्रं बाहेर आली आणि अमेरिकेने ११ सैनिकांना दोषी ठरवलं. सगळे खालच्या दर्जाचे होते. तुरुंगांची प्रमुख असलेल्या ब्रिगेडियर जनरलला फक्त एक दर्जा खाली आणलं. लष्करी न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या एकमेव अधिकाऱ्यावरचे छळाचे आरोप टिकले नाहीत. चौकशीच्या कडक पद्धतींना २ डिसेंबर २००२ रोजी स्वतः सही करून मंजुरी देणारे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्यावर खटला झालाच नाही. तीन इराकी कैद्यांना भरपाई देण्याचा निकाल अमेरिकी ज्युरीने एका खासगी कंत्राटदार कंपनीविरुद्ध दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि दावा होता २००८ चा. याच अमेरिकेने १९४६ मध्ये जपानी जनरल यामाशिता यांना, हाताखालच्या सैन्याला आवरलं नाही म्हणून फासावर चढवलं होतं. जिंकलेल्याने हरलेल्याला लावलेला तो नियम स्वतःच्या सेनापतींना लावायची वेळ आली तेव्हा तो कुणाला आठवला नाही. आपल्या १९६० च्या कायद्यातही, माहीत असून गप्प बसलेल्या वरिष्ठाला गुन्हेगार ठरवणारं वेगळं कलम नाही.

म्हणून माझी विनंती अशी. कालिया प्रकरणात केंद्र सरकारने येत्या अधिवेशनाआधी सतराव्या कलमाखाली तक्रार दाखल करावी. ती करायची नसेल, तर का करायची नाही याची कारणं संसदेच्या पटलावर ठेवावीत. त्याबरोबर कायद्यात दुरुस्ती आणावी. कैद्याच्या किंवा मृताच्या कुटुंबाला थेट न्यायालयात तक्रार करता यावी, मग तो कैदी कुठल्याही देशाचा असो. आणि कैद्यांचा छळ होतो आहे हे माहीत असून तो न थांबवणाऱ्या अधिकाऱ्याला, त्याचा हुद्दा कितीही मोठा असला तरी, तिसऱ्या कलमाखाली शिक्षा व्हावी. परराष्ट्र आणि विधी खात्यांशी बोलावं लागेल हे मला समजतं, पण सुरुवात गणवेशातल्या माणसांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्या आपल्या खात्याने करावी. या पत्राला उत्तर आलं तर ते मी जाहीर करेन.

आपला,
एक नागरिक