‘रॅम्बल’ आणि आपली भटकंती

संपादक महोदय,

अलीकडेच एका अनुवादात ‘रॅम्बलिंग’ पत्राचे ‘भटके पत्र’ झालेले वाचले, म्हणून हे लिहीत आहे. इंग्रजी ‘रॅम्बल’ म्हणजे ठरलेल्या मुक्कामाची घाई न ठेवता मौजेने पायी फिरणे. ‘भटकणे’ या शब्दाला चिकटलेली वणवण त्यात नाही, फार तर ‘भटकंती’ चालेल. ब्रिटनमध्ये तर हा हक्काचा प्रश्न ठरला : १९३२ मध्ये किंडर स्काउट या इंग्लंडमधील डोंगरपठाराच्या खासगी माळरानावर शेकडो लोक मुद्दाम चालून गेले, त्यांतील काहींनी तुरुंगवास भोगला, आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील बऱ्याचशा मोकळ्या डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा हक्क दिला. गुलाबाच्या ‘रॅम्बलर’ प्रकाराच्या लांब, लवचीक फांद्या कुंपणावरून, जुन्या झाडावरून वाट फुटेल तिकडे पसरतात आणि बहुधा वर्षातून एकदाच बहरतात. खोलीला खोली जोडत वाढलेल्या ऐसपैस घरालाही ‘रॅम्बलिंग’ हेच विशेषण लागते. बोलण्या-लिहिण्याला लावले की मात्र कौतुक संपते, कारण तेथे मुद्दा सोडून फाटे फोडणे अभिप्रेत असते. त्या पत्रासाठी ‘पाल्हाळिक’ हा आपला नेमका शब्द हाताशी होता.

— एक वाचक