धुक्यातली तांबडी रेघ

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारच्या ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा-कंपास घेऊन धावायच्या, स्पर्धेबद्दल फोनवर मी "छान झाली" एवढंच म्हणाले. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आईला सगळं सांगितलं असतं तर ती रात्रभर जागली असती. म्हणून हे पत्र, सोबत स्पर्धेचा नकाशा. बाबा, भिंग घेऊनच बसा.

जागा इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली, पॅटरडेल गावाच्या डोक्यावरचा अँगलटार्न पाइक्स हा डोंगर. उंची 567 मीटर, आपल्या पाचगणीच्या निम्मीही नाही. पण वर झाड नाही, घर नाही. एकाच तोंडवळ्याची टेकाडं, मधे पाणथळ, आणि पश्चिमेला गावाकडे तुटत गेलेला उतार.

नकाशावरचा जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, एकेरी वर्तुळं म्हणजे कंट्रोल, गाठायच्या जागा. तिथे फूटभर केशरी-पांढरा झेंडा असतो. बोटातली चिप झेंड्याजवळच्या डबीत घालायची की वेळ नोंदली जाते. कंट्रोल क्रमाने घ्यायचे, वाट ज्याची त्याने काढायची. प्रमाण 1:10,000, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दर 5 मीटरला. तुमच्या टोपोशीटवर, त्या सरकारी नकाशावर, ती 20 मीटरला असायची ना? इथे गोठ्याएवढा उंचवटासुद्धा निसटत नाही.

सहा कंट्रोल झकास गेले. मग ढग खाली उतरला. जुलैत पसरणीच्या घाटात उतरतो तसा, फक्त इथे त्यात वाऱ्याची धार. वीस पावलांपुढे काही दिसेना.

चूक इथेच झाली. पुढे एक निळं जॅकेट धावताना दिसलं आणि मी नकाशा सोडून त्या पाठीमागे लागले. त्याचा कोर्स, म्हणजे कंट्रोलची मालिका, वेगळी होती. तो आपल्या झेंड्याला चिप लावून धुक्यात नाहीसा झाला. तो कंट्रोल माझ्या नकाशावर नव्हताच. नंतरची पंधरा मिनिटं, दिसेल ते टेकाड नकाशातलंच आहे असं मी स्वतःला पटवत फिरले.

आई, शिट्टी गळ्यात होती. संकटात मिनिटाला सहा वेळा फुंकायची. वाजवली नाही, पण दोनदा हात गेला.

मग बाबा, तुमची ती जमिनीची मोजणी आठवली. मी सातवी-आठवीत असेन. हद्दीचा दगड सापडेना, दोन्हीकडचे भाऊबंद बोटं दाखवत भांडत होते, आणि तुम्ही काही न बोलता साखळी गुंडाळून पक्क्या खुणेपर्यंत मागे गेलात. मला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही घाबरलात.

माझी पक्की खूण म्हणजे अँगल टार्न, दोन छोट्या बेटांचं तळं. मी डोंगरावर कुठेही असले तरी ते आग्नेयेला खालीच असणार. कंपास लावला आणि सुई सोडून दुसऱ्या कशावरही विश्वास न ठेवता उतरले. पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं. तिथून तळ्याचा कोपरा धरून उत्तरेला 300 मीटर. शंभर मीटर म्हणजे जवळजवळ तुमच्या दहा साखळ्या, 33 फुटी. चढावर माझी साठ दुहेरी पावलं होतात. एकशे ऐंशी मोजली, आणि एकशे चौऱ्याहत्तराव्याला झेंडा नाकासमोर! मी मराठीत ओरडले. बाजूच्या मेंढीने ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या एका कंट्रोलला 38 मिनिटं गेली. नंबर विचारू नका. सोडून द्यावं असं वाटलं होतं, पण सोडलं तरी शेवटाला जाऊन चिप दाखवावीच लागते, नाहीतर लोक शोधायला निघतात. मग म्हटलं, जायचंच आहे तर सगळे कंट्रोल घेऊनच.

नकाशावर मी खरी गेले ती वाट तांबड्या पेनाने काढली आहे. सहा आणि सातच्या मधे तिची गाठ झालीय. तिथे मी नेमकी कुठल्या टेकाडावर होते, हे मला अजून उमगलेलं नाही. बाबा, तुम्ही बघून पेन्सिलीने खूण करा. फोटो आईला काढायला सांगा, तुमचा हात हलतो.

तुमची,
मनू